वचनाचा खोल अर्थ कसा शोधावा: रूथच्या सरव्यावरून

नवापूरच्या बाजूला गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मी बरीच वर्षं शास्त्रपाठ घेतोय. ‘या वचनाचा खोल अर्थ काय?’ हे प्रत्येक ठिकाणी विचारतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, वचनातल्या प्रत्येक वस्तूमागे गुपित शोधा. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्यानं वाचून काढा.

मग साधा अर्थ पक्का करा. खानदेशात तो फार समजावून सांगावा लागत नाही. भुईमूग निघाला की मागे राहिलेल्या शेंगा, म्हणजे सरवा, वेचायला बाया शेतात उतरतात. रूथ तेच करते, फक्त पीक जवाचं आहे. ती विधवा आहे, परक्या मवाब देशाची आहे आणि घरी सासू उपाशी आहे.

आता अवघड पायरी. इथे मी स्वतः वाईट चुकलो होतो. तिसऱ्या अध्यायात शेतमालक बवाज रूथला सहा मापं जव देतो. एका प्रार्थनासभेत मी सांगून टाकलं की सहा मापं म्हणजे सृष्टीचे सहा दिवस आणि सातवा विसावा म्हणजे ख्रिस्त. लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर दिवसभर सरवा वेचून आलेली एक आजी जवळ आली आणि म्हणाली, “भाऊ, तिले भूक लागेल व्हती, ते तू सांगंच नही.” त्या रात्री मला झोप लागली नाही. मी खोल गेलोच नव्हतो. वचनाच्या वरून माझी कल्पना पसरून आलो होतो.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: साध्या अर्थाखालचा दुसरा थर शास्त्रानंच दाखवलेला असला पाहिजे. तोच शब्द, तोच नियम किंवा तेच नाव दुसरीकडे आलेलं दाखवता येत नसेल, तर तो अर्थ सोडून द्या, कितीही गोड वाटला तरी. आणि ज्या अर्थामुळे भुकेली बाई दिसेनाशी होते, तो तर नकोच. तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस शास्त्राचे अनेक अर्थ मानत, पण बाकीचे सगळे अर्थ शब्दशः अर्थावरच उभे असतात असं त्यांनी बजावून ठेवलंय.

ही कसोटी रूथला लावून पाहा. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात १९:९-१० सांगतं की शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरीब आणि परक्यासाठी ठेवा. म्हणजे रूथ वेचते ते भिक्षेचं नाही, देवाच्या नियमानं तिच्या हक्काचं आहे. मग ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २३:३ उघडा. मवाब्यानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा. आणि नव्या करारात मत्तय १:५ मध्ये येशूच्या वंशावळीत नाव कुणाचं आहे? याच मवाबी सुनेचं. हे तीन संदर्भ शेजारी ठेवले तेव्हा मला रडू आलं होतं.

अजून एक धागा मराठीत सहज दिसत नाही. रूथ २:१२ मध्ये बवाज म्हणतो, तू परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस. ३:९ मध्ये रूथ त्याला आपलं वस्त्र माझ्यावर पसर असं म्हणते. हिब्रूत दोन्हीकडे ‘कानाफ’ हा एकच शब्द आहे: पंख, आणि वस्त्राची कडाही. जो आशीर्वाद बवाजनं तोंडानं दिला, तो आता त्यानंच पुरा करावा असं ती मागते आहे. म्हणून दोन-तीन मराठी भाषांतरं समोर ठेवा आणि अडलं तिथे मूळ शब्द जाणकाराला विचारा.

सापडलं ते वहीत संदर्भासकट लिहा. संदर्भ लिहिता आला नाही तर ती ओळ खोडा.

पुढचा सराव योहानाच्या शुभवर्तमानाचा. १८:१८ आणि २१:९ शेजारी ठेवा. ग्रीकमध्ये कोळशांच्या विस्तवासाठी दोन्हीकडे एकच शब्द आहे, आणि नव्या करारात तो याच दोन ठिकाणी येतो. पहिल्या विस्तवापाशी शेकताना येशूचा शिष्य पेत्र काय बोलला आणि दुसऱ्यापाशी जेवण झाल्यावर येशूनं त्याला किती वेळा विचारलं, ते मोजा.