लेझरने कार्बन-११ बनवायचाय? आधी फॉइलचं बघा

पेट स्कॅनसाठीचा (शरीरात किरणोत्सारी पदार्थ सोडून करतात तो स्कॅन) कार्बन-११, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, लेझरने बनवायचा असेल तर आधी एक आकडा पक्का डोक्यात ठेवा, २० मिनिटं. तेवढ्यात माल अर्धा होतो आणि २ तासांत २ टक्केही उरत नाही, त्यामुळे दुसऱ्या गावाहून मागवायचा प्रश्नच नाही, स्कॅनरच्या शेजारीच बनवावा लागतो. सध्या हे काम सायक्लोट्रॉन करतो (प्रोटॉनना गोल फिरवत वेग देणारं मशीन), परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला २००२ मध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आला.

प्रोटॉनना तोच वेग लेझरने द्यायचा तर लेझरचा छोटासा पल्स (प्रकाशाचा क्षणभराचा झोत) आधी ताणायचा, मग अॅम्प्लिफाय करायचा आणि शेवटी परत दाबायचा, स्ट्रिकलंड आणि मूरू यांची ही १९८५ ची आयडिया, २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच मिळाला. मग व्हॅक्यूम चेंबरमध्ये काही मायक्रॉन जाडीच्या अॅल्युमिनियम फॉइलवर तो बारीक ठिपक्यात फोकस करा. इलेक्ट्रॉन फॉइलच्या पार जातात आणि मागे जबरदस्त फील्ड तयार होतं, ते प्रोटॉनना खेचून काढतं. हे प्रोटॉन अॅल्युमिनियमचे नसतात बरं का, मागच्या बाजूला चिकटलेल्या पाण्याच्या आणि तेलाच्या थरातले असतात, म्हणून तो थर पुसून काढू नका!

फॉइलमागे बोरॉनची चकती ठेवा. ३ एमईव्हीच्या (कणाची ऊर्जा मोजायचं एकक, केईव्ही त्याचा हजारावा भाग) वरचा प्रोटॉन बोरॉन-११ मध्ये शिरला आणि न्यूट्रॉन बाहेर पडला की झाला कार्बन-११. खात्री करायला चकती दोन समोरासमोरच्या डिटेक्टरांमध्ये ठेवा, दोघांना एकदम ५११ केईव्हीचे गॅमा किरण दिसले पाहिजेत आणि काउंट २० मिनिटांनी निम्मा झाला पाहिजे, १० मिनिटांत झाला तर त्यात नायट्रोजन-१३ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ घुसलाय. रेडिएशनचा मीटर ओके म्हणेपर्यंत चेंबर उघडायचा नाही, कितीही घाई असू दे.

आता खरी मेख. समजा एका शॉटला (लेझरच्या एका पल्सला) १ लाख बेकरेल (किरणोत्साराचं एकक) मिळतात आणि तुम्हाला २० कोटी हवेत. २० मिनिटांनी एक शॉट मारलात तर दिवसभर बसा, २ लाखांच्या वर जातच नाही, कारण मागचं तोवर अर्धं झालेलं असतं. तेच सेकंदाला १० शॉट मारले तर साडेतीन मिनिटांत काम होतं. म्हणून मला वाटतं की नुसती पॉवर वाढवत बसण्यापेक्षा शॉटचा वेग वाढवण्यावर जीव लावावा. पण प्रत्येक शॉटला फॉइलला भोक पडतं, सेकंदाला १० वेळा नवा तुकडा समोर हवा आणि तोही काही मायक्रॉन इकडेतिकडे न होता! यासाठी कॅसेटसारखी रिळावर फिरणारी टेप वापरा, आणि उडालेला धातू फोकसच्या आरशावर बसतो म्हणून आरशापुढे पातळ फिल्म लावा, ती काळवंडली की लगेच बदला.