भिंत चिमटीत धरून पाहा

शाळेत मी हृदयाच्या कप्प्यांची नावं अलिंद-निलय अशी शिकले, आईच्या काळच्या पुस्तकात कर्णिका-जवनिका होतं आणि नागपुरात एमबीबीएसला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एट्रियम-व्हेंट्रिकल सुरू झालं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याचं दडपण घेऊ नये. वस्तू त्याच आहेत: वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, रक्त घेतात; खालचे दोन, म्हणजे निलय, ते ढकलतात.

मी मात्र नावं आणि आकृती पाठ करत बसले. पहिल्याच व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी ट्रेमध्ये हृदयाचा आडवा काप ठेवला आणि डावा कप्पा दाखवायला सांगितला. पुस्तकात डावं उजवीकडे असतं, मग इथं कुठे, यातच मी अडकले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाजू विसर. भिंत चिमटीत धर." एक भिंत जेमतेम ३-४ मिलिमीटर, दुसरी सेंटिमीटरभर. जाड ती डावी. त्या चिमटीनंतर हृदय मला कळायला लागलं.

उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवायचं असतं. तिथे अडथळा कमी, त्यामुळे पाऱ्याच्या २५ मिलिमीटरइतका दाब पुरतो. डाव्याला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून त्याचा दाब १२०. भिंतीची जाडी या दाबावर ठरते. "डावा जास्त रक्त फेकतो" असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. ते साफ चूक आहे. दोघंही दर ठोक्याला सारखंच, साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतात. डावा जरा जरी मागे पडला, तरी रक्त फुप्फुसांत तुंबत जाईल.

आकारही नीट बघा. कापात डावा गोल दिसतो, उजवा त्याला बिलगलेली चंद्रकोर. डाव्याचे स्नायू मळसूत्रासारखे फिरलेले असतात, त्यामुळे आकुंचन पावताना तो ओलं लुगडं पिळावं तसा पिळला जातो. उजव्याची बाहेरची भिंत दोन निलयांमधल्या पडद्याकडे दाबली जाते, लोहाराच्या भात्यासारखी.

अलिंदांच्या भिंती पातळ असतात, कारण त्यांना रक्त फक्त खालच्या खोलीत सोडायचं असतं. बरंचसं तर आपसूकच खाली उतरतं. एक मात्र विसरू नका: डावं अलिंद पार मागे, अन्ननलिकेला टेकून असतं. डाव्या अलिंद-निलयामधली द्विदली झडप अरुंद होऊन ते फुगलं, तर रुग्णाला घास गिळायला त्रास होऊ शकतो.

झडपांसाठी माझं ऐका, एका रविवारी मटणाच्या दुकानात जा. तिथे काळीज मागाल तर यकृत मिळेल; बकऱ्याचं दिल मागा, अख्खं, वरच्या नळ्या न कापता. मी आणि माझ्या रूममेटने होस्टेलच्या मोरीत, हातमोजे घालून, वरचे अलिंद कापून काढले आणि डाव्या निलयात पाणी भरलं. तिने महाधमनी, म्हणजे डाव्या निलयातून निघणारी मोठी नळी, चिमटीत घट्ट धरली, मी निलय बाहेरून दाबला. द्विदली झडपेचे लोंबणारे दोन पांढरे पडदे खालून फुगत वर आले आणि एकमेकांना भिडले. त्यांना खाली धरून ठेवणारे दोरे ताणून ताठ झाले. हे दोरे झडप ओढून उघडतात असं मी तोवर समजत होते. त्यांचं काम पडदा उलटा अलिंदात जाऊ न देण्याचं आहे, हे त्या मोरीत डोळ्यांनी दिसलं. आम्ही मग कात्रीने एकच दोरा कापला आणि पुन्हा दाबलं. पडद्याची कड तिथेच वर उलटली आणि तेवढ्या फटीतून पाण्याची बारीक धार माझ्या मनगटावर आली.