जुना सीसीटीव्ही सेट घेताय? या चुका टाळा

किराणा, मेडिकल, झेरॉक्स असं छोटं दुकान असेल तर चार कॅमेऱ्यांचा जुना सेट घेण्यात काहीच वावगं नाही. कॅमेरे सहसा टिकतात. पण घेणारा कॅमेऱ्याची काच निरखत बसतो, ‘नाइट व्हिजन आहे ना?’ विचारतो आणि डीव्हीआरकडे, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याकडे, ढुंकूनही पाहत नाही. पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

‘पासवर्ड नंतर पाठवतो’

हे वाक्य ऐकलं की पैसे खिशातच ठेवा. आजच्या बहुतेक डीव्हीआरला दोन कुलपं असतात. एक ॲडमिन पासवर्ड, दुसरं मोबाइल ॲपचं खातं. पासवर्ड मिळाला तरी जुन्या मालकाने आपल्या ॲपमधून तो डीव्हीआर काढून टाकला नसेल, तर तुम्ही सिरियल नंबर टाकल्यावर ‘हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे’ असा संदेश येतो. फॅक्टरी रीसेट मारूनही बहुतेक वेळा सुटका होत नाही, कारण ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. त्यातही वाईट म्हणजे तुमचा गल्ला त्या माणसाला घरबसल्या दिसू शकतो. त्यामुळे विकणाऱ्याला समोर बसवा, त्याच्या फोनमधून डीव्हीआर डिलीट करायला लावा, लगेच तुमच्या फोनमध्ये जोडून पाहा आणि मगच पैसे द्या.

पासवर्डही जागच्या जागी बदला. जुन्या मॉडेलांवर 12345 किंवा admin असा कंपनीने दिलेलाच पासवर्ड सापडतो. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे इंटरनेटवरून डीव्हीआरपर्यंत थेट वाट करून, देणारा कोणी ‘जाणकार’ भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ॲपवरून काम भागत असेल तर त्याची गरज नसते.

कॅमेरा एकाचा, डीव्हीआर दुसऱ्याचा

बीएनसी पिन (कॅमेऱ्याची चित्राची वायर डीव्हीआरला जोडणारी गोल पिन) बसली म्हणजे जोडी जमली असं नाही. एचडी ॲनालॉगमध्ये, म्हणजे अशा वायरवरून स्पष्ट चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांत, टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी असे वेगवेगळे फॉरमॅट आहेत. हिकव्हिजन कंपनीचा माल टीव्हीआयचा, डहुआ कंपनीचा सीव्हीआयचा. अलीकडचे बरेच डीव्हीआर तिन्ही ओळखतात, जुने ओळखतीलच असं नाही. स्क्रीन काळी राहिली किंवा चित्र कृष्णधवल येऊन सरकत राहिलं, तर कॅमेरा ‘गेला’ म्हणून फेकू नका. त्याच्या वायरवर छोटं बटण किंवा जॉयस्टिक असेल तर ती एका बाजूला पाचेक सेकंद दाबून धरा, फॉरमॅट बदलतो. दोन मेगापिक्सेलच्या डीव्हीआरला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तरीही चित्र येत नाही. तिथेही कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन खाली आणता येतं का ते आधी बघा.

दिवसा चालतो, रात्री बंद

ही तक्रार खूप येते आणि हिचं खापर नेहमी कॅमेऱ्यावर फुटतं. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि जुना एसएमपीएस (कॅमेऱ्यांना 12 व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लाय) किंवा बारीक वायर तिथे मान टाकते. परीक्षा सोपी आहे. भरदिवसा कॅमेऱ्याच्या तोंडावर हात धरा. आतून ‘टिक’ असा आवाज येईल, लाल ठिपके उजळतील. त्याच क्षणी चित्र गेलं, तर दोष पॉवरचा. मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकालाही लावा, नुसता एसएमपीएसपाशी नाही. एसएमपीएसपाशी 12 व्होल्ट आणि कॅमेऱ्यापाशी 10 असेल, तर वायर बदला. स्वस्त थ्री प्लस वन केबलमध्ये (चित्र आणि पॉवर एकत्र नेणारी सीसीटीव्हीची केबल) तांब्याचा नुसता मुलामा असलेलं ॲल्युमिनियम असतं, लांब अंतरावर व्होल्टेज तिथेच गळतं. जुन्या दुकानातून उपटून आणलेली केबल तर घेऊच नका. डीसी पिना आणि बीएनसीही नव्या घ्या, त्यात काटकसर नको.

चित्र रात्री धुरकट पांढरं दिसत असेल तर बहुधा डोमचं, म्हणजे घुमटाकार कॅमेऱ्याचं, कव्हर घासलेलं आहे. ओरखड्यांवरून इन्फ्रारेडचा उजेड परत लेन्सवर येतो. कव्हर बदला.

हार्ड डिस्क आणि घड्याळ

‘एक टीबी आहे, महिनाभर रेकॉर्डिंग राहील’ हा हिशेब विकणाऱ्याचा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा 4 एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला 4 मेगाबिट डेटा) चोवीस तास चालला तर दिवसाला सुमारे 43 जीबी खातो. चार कॅमेरे म्हटल्यावर एक टीबी सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुनं पुसायला लागते. एच.265 ही व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत असेल तर बिटरेट निम्मा ठेवून दिवस दुप्पट होतात. डीव्हीआरच्या मेनूत डिस्कचं आरोग्य दाखवणारा ‘स्मार्ट’ हा पर्याय असतो, त्यात ती किती तास चालली आहे ते वाचा. बरीच वर्षं अखंड फिरलेली डिस्क असेल तर किमतीतून नव्या डिस्कचे पैसे वजा करा.

लाइट गेल्यावर तारीख 1970 किंवा 2000 वर जात असेल तर आतला बटन सेल संपलेला आहे. हे किरकोळ वाटतं, पण चोरीच्या रात्रीचं फुटेज शोधताना सापडतच नाही. पोलिसांना द्यायची वेळ आली तर घड्याळातला फरक पंचनाम्यात लिहावा लागतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. सेल बदला, टाइम झोन +5:30 करा आणि पेन ड्राइव्हवर पाच मिनिटांचा बॅकअप काढून तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का तेही त्याच दिवशी पाहून घ्या.