लेकराचे श्वास कसे मोजावे

सर्दी-खोकल्याच्या लेकराला न्यूमोनिया आहे का, याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांनाही श्वास मोजायला शिकवलं, जागेवर औषध दिलं आणि बालमृत्यू घटले. हा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

लेकरू शांत असू द्या. रडत असेल, अंगावर पीत असेल तर थांबा. झबलं वर करा, उजेडात बसा.

मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावा आणि तो बाजूला ठेवा. एक नजर घड्याळाकडे, एक पोटाकडे असं केलं की दोन-चार श्वास हुकलेच.

आता मोजणी. सगळे इथेच चुकतात. पोट वर आलं, खाली गेलं, की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा, हा सल्ला साफ चुकीचा आहे. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भरभर चालतो, मध्येच काही सेकंद थांबतो. म्हणून पूर्ण साठ सेकंद मोजायचंच. दुसरी अडचण आकड्यांची. ‘एकोणपन्नास’ म्हणेपर्यंत बाळाचा पुढचा श्वास होऊन जातो. त्यामुळे एक ते दहाच मोजा, दर दहाला तुरीचा एक दाणा बाजूला टाका, पुन्हा एकपासून सुरू. ‘सर्च’च्या श्वासमापकात दर दहा श्वासांना एक मणी सरकवतात, तो याचसाठी.

दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: हा वेगवान श्वास, म्हणजे न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. परत ६० किंवा जास्तच आला तर लगेच दवाखाना.

श्वास घेताना खालच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, बाळ दूध ओढत नसेल, झटके आले किंवा सुस्त पडलं, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तान्हं बाळ आजारात थंडही पडतं.

पसली चालते म्हणून पोटावर डाग देऊ नका. त्याने न्यूमोनिया जात नाही, वरून जखम होते आणि वेळ हातचा जातो.

निघताना आकडा आणि वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवा. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या. नाक-तोंड मात्र मोकळं ठेवा.