डोंगरउतारावरच्या जुन्या घरातील गॅस फर्नेस : तपासणी आणि दुरुस्ती कशी करावी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, बर्कली आणि ओकलंड या शहरांच्या मागे, टेकड्यांची एक लांब रांग आहे. ऑक्टोबर १९९१ च्या वणव्यात तिच्यावरची सुमारे तीन हजार घरे जळाली. तरीही त्याच्या कितीतरी आधी बांधलेली लाकडी घरे तिथे आजही राहती आहेत. रस्त्याकडून पाहावे तर बैठे घर आणि उताराकडून पाहावे तर उंच खांबांवरची इमारत, अशी त्यांची ठेवण असते. अशा घराची गॅस फर्नेस (गॅस जाळून तापवलेली हवा खोल्यांत पोहोचवणारे यंत्र) बहुधा उताराची माती आणि घराचा तळ यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये, आडवी बसवलेली असते. ती वर्षभर नजरेआड राहते आणि पहिल्या थंडीत पेटली नाही की मगच तिची आठवण होते.

नोकरीनिमित्त तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी असे जुने घर घेतले आहे, त्यांना या यंत्राची पूर्वीची सवय नसते. फर्नेस बंद पडली की दोष यंत्राच्या पोटात असणार, असे गृहीत धरून लगेच सुटे भाग बदलले जातात. उतारावरच्या घरात मात्र दोष पुष्कळदा यंत्राच्या भोवती असतो. ज्वलनासाठी येणारी हवा, बाहेर जाणारा धूर, जमिनीतून पाझरणारे पाणी आणि घराच्या तळाशी लोंबणाऱ्या, खोल्यांत हवा नेणाऱ्या रुंद नळ्या म्हणजे डक्ट यांपैकी कशाची तरी वाट अडलेली किंवा फुटलेली असते. म्हणून आधी घर तपासावे आणि मग यंत्र, हा क्रम सोडू नये.

गॅसचा वास आणि न येणारा वास

सिलिंडरच्या गॅसबद्दल आपल्याला जे ठाऊक असते, ते इथे अर्धेच लागू पडते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे क्रॉल स्पेसमध्ये गळती झाली तर तो फटींतून वर घरात चढतो. डोंगराच्या आतल्या भागात, जिथे गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही, तिथे अंगणातल्या टाकीतला प्रोपेन वापरतात, आणि तो मात्र उताराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, घराखाली उतरून पाहू नये. सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि दूर गेल्यावर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला किंवा गॅस कंपनीला फोन करावा.

कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०११ पासून गॅसची उपकरणे असलेल्या स्वतंत्र घरांमध्ये त्याचा अलार्म बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. उतारावरच्या घरात शयनगृहे पुष्कळदा खालच्या मजल्यावर, म्हणजे फर्नेसच्या अगदी शेजारी असतात. केवळ वरच्या दिवाणखान्यात एक अलार्म लावून भागत नाही, प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर तो असायला हवा. अलार्म वाजला, किंवा घरात असताना डोके दुखते आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते असे अनेकांना एकाच वेळी जाणवू लागले, तर फर्नेस चालवून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही.

घरात राहून करायची तपासणी

खोलीचे तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट ‘हीट’वर आहे का, त्याच्या बॅटऱ्या संपल्या आहेत का आणि मागितलेले तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जास्त आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर ब्रेकर पाहावा. फर्नेसजवळ तिची वीज तोडणारे, दिव्याच्या बटणासारखे दिसणारे एक बटण असते. घराखाली सामान ठेवायला गेलेला माणूस ते दिव्याचेच समजून बंद करतो आणि नंतर तंत्रज्ञाला बोलावणे जाते.

पुढचा क्रम फिल्टरचा. वणव्याच्या धुराच्या दिवसांत अनेक जण मर्व्ह १३ दर्जाचा दाट फिल्टर लावतात आणि ते योग्यही आहे. परंतु एक इंच जाडीचा असा फिल्टर धुराने भरल्यावर जुन्या ब्लोअरला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याला, त्यातून पुरेशी हवा ओढता येत नाही, यंत्र तापते, आणि अति तापण्यापासून वाचवणारा लिमिट स्विच बर्नर, म्हणजे गॅस जाळणारा भाग, बंद करतो. फर्नेस पेटते, काही मिनिटे चालते, विझते, थोड्या वेळाने पुन्हा पेटते, असे चक्र दिसले तर फिल्टरवरच पहिला संशय घ्यावा. थंडी सुरू होण्यापूर्वी तो बदलावा आणि फर्नेस रोज चालत असेल तर दर महिन्याला पाहावा.

घराखाली उतरताना

उतरण्यापूर्वी फर्नेसचा वीजपुरवठा बंद करावा. अंगभर कपडे, हातमोजे, चांगला मास्क आणि बॅटरीवरचा दिवा घ्यावा, आणि वर कोणाला तरी सांगून जावे. १९८० पूर्वीच्या घरात डक्टच्या सांध्यांवर किंवा संपूर्ण डक्टवर पांढरट, कागदासारखे किंवा प्लॅस्टरसारखे वेष्टन दिसले तर ते अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, असू शकते. ते ओरबाडू नये, झाडू नये, त्यावर टेपही लावू नये. नमुना तपासून घेणे आणि ते काढणे हे प्रशिक्षित, परवानाधारक माणसाचे काम आहे. गॅसची जोडणी करणारी लवचिक नळी जुनी, पिवळ्या पितळेची आणि आवरण नसलेली असेल, तर तिला हलवूसुद्धा नये. अशा नळ्यांची टोके डाखाने जोडलेली असतात आणि यंत्र थोडे सरकवले तरी ती निखळू शकतात. तिची बदली तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

आता हवेची वाट पाहावी. फर्नेसला जळण्यासाठी हवा लागते आणि ती पायाच्या भिंतीतल्या जाळ्यांमधून येते. वणव्यातल्या ठिणग्या आत शिरू नयेत म्हणून या जाळ्या आता अतिशय बारीक छिद्रांच्या लावतात. त्यांच्यावर पाने, कोळिष्टके आणि धूळ बसली की त्या बंद झाल्यासारख्याच होतात. काही घरमालक थंडी आत येते म्हणून जाळ्यांवर फळ्या ठोकतात, जे साफ चुकीचे आहे. जाळ्या ब्रशने स्वच्छ कराव्यात आणि फळ्या काढाव्यात.

धुराडे हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि उतारावर तोच सर्वाधिक बिघडतो. फर्नेसपासून निघणाऱ्या आडव्या नळीला वरच्या दिशेने दर फुटाला किमान पाव इंच चढ असावा लागतो आणि तिचे सांधे स्क्रूने पक्के केलेले असावे लागतात. टेकडीची माती हळूहळू सरकते, खांब किंचित कलतात, आणि वर्षानुवर्षांत नळीचा चढ नाहीसा होतो किंवा एखादा सांधा निखळतो. नळीवर गंजाचे ओघळ, पांढरी भुकटी किंवा काजळी दिसली तर धूर नीट बाहेर जात नाही असे समजावे. धूर विटांच्या जुन्या चिमणीतून जात असेल, तर १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर तिची आतून तपासणी झाली होती का, हे घराच्या कागदपत्रांत शोधावे.

जुन्या, पंख्याविना धूर सोडणाऱ्या फर्नेसची ओढ तपासायला उदबत्तीसारखे सोपे साधन नाही. गॅसचा वास अजिबात नाही याची खात्री झाल्यावरच, वीज पुन्हा सुरू करून फर्नेस पाच मिनिटे चालू द्यावी आणि ड्राफ्ट हूडच्या, म्हणजे धुराच्या नळीच्या सुरुवातीला असलेल्या उघड्या टोपणाच्या, तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर ठीक; तो बाहेर ढकलला गेला तर फर्नेस तत्काळ बंद करावी आणि तंत्रज्ञ येईपर्यंत चालू करू नये. ही चाचणी स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पंखा चालू ठेवून पुन्हा एकदा घ्यावी, कारण हे पंखे घरातली हवा बाहेर फेकतात आणि धूर उलटा खेचू शकतात. शरद ऋतूत पूर्वेकडून टेकड्यांवरून खाली उतरणारे डायब्लो वारेही धुराड्यात उलटा झोत देतात. फर्नेस फक्त वाऱ्याच्या रात्रीच बंद पडत असेल तर सुटा भाग बदलण्याआधी छपरावरच्या टोपीची उंची आणि तिचा प्रकार तपासून घ्यावा.

पाणी आणि डक्ट यांची तपासणी त्याच फेरीत होते. फर्नेस मातीवर टेकलेली नसावी. ती आजूबाजूच्या मातीपेक्षा किमान तीन इंच उंच काँक्रीटच्या ओट्यावर, किंवा लटकवलेली असेल तर जमिनीपासून किमान सहा इंच वर असावी. पावसाळ्यात, म्हणजे तिथे नोव्हेंबर ते मार्चमध्ये, वरच्या बाजूचे पाणी घराखालून वाहते आणि बर्नरच्या तळाला गंज चढतो. पाण्याला चर काढून वाट दिल्याशिवाय फर्नेसवर केलेला खर्च वाया जातो. डक्टपैकी खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत नेणारी डक्ट अधिक लक्षपूर्वक पाहावी, कारण तिला भोक असेल तर ती क्रॉल स्पेसमधली कुबट हवा आणि सुटलेला धूर ओढून थेट शयनगृहांत पोहोचवते. सांधे मॅस्टिकने (फटी बुजवणाऱ्या लेपाने) किंवा डक्टसाठी प्रमाणित केलेल्या फॉइल टेपने बंद करावेत. कापडी ‘डक्ट टेप’ नावापुरतीच डक्टची आहे: ती डक्टवर टिकत नाही हे लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने चाचण्या घेऊन दाखवले, आणि ती प्रयोगशाळा याच टेकड्यांच्या उतारावर आहे.

पेटण्याचा दोष

फर्नेसमध्ये सतत जळणारी पायलट ज्योत असेल आणि ती विझली असेल, तर नॉब ‘ऑफ’वर आणून किमान पाच मिनिटे थांबावे, वास नसल्याची खात्री करावी, आणि दारावर छापलेल्या सूचनेनुसार ती पेटवावी. पेटल्यावर नॉब साधारण एक मिनिट दाबून धरावा. सोडताच ज्योत विझली तर थर्मोकपल निकामी झाले असण्याची शक्यता मोठी आहे. ज्योतीच्या उष्णतेवर ते साधारण ३० मिलिव्होल्ट वीज निर्माण करते आणि तेवढ्यावरच गॅसची झडप उघडी राहते. हा भाग स्वस्त आहे. ज्याला गॅसच्या कामाची सवय नाही त्याने पायलट पेटवण्यासाठी पीजी अँड ई या तिथल्या गॅस कंपनीला बोलवावे, ती हे काम विनामूल्य करते.

नव्या फर्नेसमध्ये पायलट नसतो. दारातल्या लहान काचेतून एलईडी किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या तक्त्यावर छापलेला असतो आणि तो प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. दार उघडल्यावर सुरक्षा स्विचमुळे यंत्र बंद होते, त्यामुळे दार नीट न बसल्यानेही फर्नेस चालत नाही. बर्नर पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या सळईवर, पुट चढले असावे: वीज आणि गॅस बंद करून एक स्क्रू काढावा, सळई बारीक स्टील वूलने हलकेच घासावी आणि पुन्हा बसवावी. शेजारचा, गॅस पेटवणारा इग्नायटर ठिसूळ असतो. त्याला बोट लावू नये. धूर नीट बाहेर ओढला जातो का हे पाहणाऱ्या प्रेशर स्विचची खूण आली तर तो बदलण्यापूर्वी त्याच्या रबरी नळीत पाणी अडकले आहे का आणि पाणी उपसणारा छोटा पंप चालतो का, ते पाहावे. सुरक्षा स्विचला वायर जोडून त्याला वळसा देणे ही दुरुस्ती नव्हे आणि तसे करू पाहणाऱ्या माणसाला घराखाली उतरू देऊ नये.

तंत्रज्ञाकडे सोपवायचे काम

गॅसची झडप, तिचा दाब आणि हीट एक्स्चेंजर (धूर वेगळा ठेवून ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) यांना घरमालकाने हात लावू नये. ब्लोअर सुरू होताच ज्योती हलत असतील, पिवळ्या होत असतील किंवा बाहेर डोकावत असतील, तर हीट एक्स्चेंजरला चीर गेल्याचा संशय घेऊन फर्नेस बंद ठेवावी. तंत्रज्ञाकडे कॅलिफोर्नियाचा सी-२०, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्रणांच्या कामाचा, परवाना असावा. तो राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर क्रमांकाने पडताळता येतो. त्याने धुराचे पृथक्करण करून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा लिहून द्यावा, अशी मागणी करावी.

एक प्रश्न त्याला आवर्जून विचारावा. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कन्सॉलिडेटेड इंडस्ट्रीज या कंपनीने तयार केलेल्या आडव्या फर्नेस वेगवेगळ्या नावांनी कॅलिफोर्नियात विकल्या गेल्या. राज्याच्या वायुप्रदूषण नियमांसाठी त्यांच्या बर्नरवर पोलादी सळया बसवलेल्या होत्या, आणि त्यांच्यापासून आगीचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००० साली दिला होता. क्रॉल स्पेसमध्ये ठेवलेले असे यंत्र आढळले तर ते दुरुस्त करू नये, बदलावे.

एरवी बदलायचे की दुरुस्त करायचे हा हिशेब वयावर आणि धुराड्यावर करावा. थर्मोकपल, सेन्सर, इग्नायटर किंवा ब्लोअरची मोटर गेली असेल तर दुरुस्ती परवडते. हीट एक्स्चेंजर फुटला तर सहसा परवडत नाही. जुन्याच्या जागी ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची फर्नेस घेतली तर तिचा धूर प्लॅस्टिकच्या वेगळ्या नळीने जातो, आणि आधी त्याच चिमणीत धूर सोडणारा पाणी तापवण्याचा बंब तिथे एकटा उरतो. एवढ्या रुंद चिमणीत त्याचा धूर थंड होऊन उलटा येऊ शकतो, म्हणून चिमणीत योग्य मापाची नळी घालण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. शिवाय बे एरियाच्या वायू गुणवत्ता जिल्ह्याने मार्च २०२३ मध्ये संमत केलेल्या नियमानुसार २०२९ पासून नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या नव्या घरगुती फर्नेस तिथे विकता किंवा बसवता येणार नाहीत. चालू फर्नेस दुरुस्त करण्यास हा नियम मनाई करत नाही. त्यामुळे ज्याची फर्नेस सुरक्षित आहे त्याने आत्ताची लहान दुरुस्ती करून घ्यावी, आणि हीट पंपासाठी (विजेवर घर गरम करणाऱ्या यंत्रासाठी) विजेच्या मुख्य फलकात जागा व क्षमता किती आहे हे त्याच भेटीत पाहून ठेवावे. अनेक जुन्या घरांचा फलक १०० अँपिअरचा किंवा त्याहूनही लहान असतो आणि तो बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते.