आखाजीला हायब्रिड घरी आणायचीय? मग एवढी तयारी आत्ताच करून ठेवा

आपल्याकडे नवीन गाडी दारात यायची म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) नाहीतर दसरा, आणि तो मुहूर्त गाठायचा म्हणून लोक शोरूमला एक चक्कर मारतात आणि लगेच बुकिंगचे पैसे भरून मोकळे होतात. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यायची असेल तर असं करू नका, हात जोडून सांगतो. मी अमळनेरला राहतो, आठवड्यातून चार दिवस जळगाव, मधूनमधून धुळे, वर्षातून दोनदा वणीच्या गडावर, एवढं माझं रनिंग. दोन वर्षं स्ट्राँग हायब्रिड (जिची मोटर एकटीही गाडी ओढते) वापरतोय, त्यातून जे कळलं ते सगळं लिहितोय.

पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि महिनाभर आत्ताच्या गाडीचे किलोमीटर लिहा, रोजचे, गावातले वेगळे आणि हायवेचे वेगळे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण हायब्रिडचा खरा फायदा ब्रेक मारत, थांबत, हळूहळू चालण्यात आहे, ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते आणि गर्दीत त्याच करंटवर गाडी इंजिन बंद ठेवून सरकते. नवापूरकडे हायवेला एकसारखी शंभरने हाणली तर बराच वेळ इंजिनच चालतं, मग साध्या पेट्रोल गाडीशी फरक कमी होतो. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं कागदावरचं मायलेज लिटरला 27.97 किमी आहे, मला मिक्स रनिंगला 21 ते 23 पडतं, मे महिन्यात एसी फुल असतो तेव्हा त्याहून कमी. आता हिशोब करा. महिन्याला 1500 किमी, साधी गाडी 15 देते म्हणजे 100 लिटर, हायब्रिड 22 देते म्हणजे 68 लिटर, वाचले 32 लिटर, पेट्रोल 105 धरलं तर वर्षाला 40 हजार. किमतीत फरक अडीच लाखाचा निघाला तर वसूल व्हायला सहा वर्षं. तुमचं रनिंग महिन्याला 700 असेल तर तेरा वर्षं लागतील, तेव्हा सरळ साधी पेट्रोल घ्या, मी माझ्या सख्ख्या भावालाही हेच सांगितलं.

मग नावाचा घोळ समजून घ्या. मागे हायब्रिड लिहिलेली प्रत्येक गाडी बॅटरीवर चालत नाही. सियाझ, एर्टिगातलं स्मार्ट हायब्रिड हे माइल्ड आहे, त्यात मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. सेकंडहँड बघायला गेलात की हा प्रश्न आधी विचारा, कारण तिथे "हायब्रिड आहे साहेब" म्हणून भाव चढवतात. स्ट्राँगमध्ये परवडणारी म्हणाल तर हायरायडर, ग्रँड विटारा, नवीन व्हिक्टोरिस, एक्स-शोरूम 16 लाखांच्या पुढेच, स्वस्त म्हणता येत नाही पण त्याखाली सध्या काही नाही.

पैशाची तयारी एक्स-शोरूमवर करू नका, ऑन-रोडवर करा. 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स 12 टक्के, म्हणजे 17 लाखावर दोन लाख गेलेच. ईव्हीला जीएसटी 5 टक्के आहे म्हणून हायब्रिडलाही तेवढाच असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून दीड लिटर इंजिनच्या या गाड्यांना 40 टक्के आहे, आधी सेस धरून 43 होता. आणि 10 लाखांच्या वरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस (आगाऊ घेतलेला इनकम टॅक्स) कापतात तो बुडत नाही, पावतीवर पॅन नंबर बरोबर आहे का बघा आणि रिटर्न भरताना क्लेम करा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरचे पाच जण बसवा, एसी चालू, दुपारी बारा-एकला, आणि शक्य असेल तर चढाचा रस्ता मागा. कन्नडच्या घाटात भरल्या गाडीने चढताना बॅटरी उतरते आणि तीन सिलिंडरचं इंजिन चांगलंच ओरडतं, पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी बिघडलं, पण ते तसंच असतं. उतरताना गिअर बी वर (इंजिन ब्रेकिंगचा गिअर) टाकायची सवय लावा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. बॅगाही सोबत न्या, बॅटरी डिकीच्या फ्लोअरखाली असल्याने डिकी साध्या मॉडेलपेक्षा बरीच लहान आहे, आमची एक मोठी बॅग आणि ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं की संपली.

आता आपल्याकडची खास तयारी. बॅटरी गार ठेवायला केबिनमधली हवा ओढणारी जाळी असते, ती कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशी बोट ठेवून दाखवायला सांगा. कापूस वेचणीच्या दिवसांत मी शेतातून आलो आणि टॉर्च लावून बघितलं तर जाळीवर धुळीत गुंडाळलेला रुईचा पांढरा थर, नखाने ओढला तर पापुद्र्यासारखा निघाला. ती जाळी दर सर्व्हिसला साफ करून घ्या, आणि तिच्यापुढे पिशवी, गोधडी काहीच ठेवू नका. गोडाऊनजवळ गाडी लावत असाल तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा. बोनेटखालच्या नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या, त्यांना गावातल्या इलेक्ट्रिशियनचा हात लागता कामा नये.

चार्जिंगची तयारी काहीच लागत नाही. मामा दर वेळी विचारतात, "चार्जिंग कोठे करस रे भो?", तर कुठेच नाही, पेट्रोल टाका आणि चालवा. पण साधी 12 व्होल्टची बॅटरी यातही असते आणि ती उतरली की गाडी रेडीच (चालायला तयार) होत नाही. लग्नसराईत आम्ही वीस दिवस गाडी शेडमध्ये ठेवली, निघायच्या दिवशी डॅशबोर्ड अंधार. तेव्हापासून आठवड्याला अर्धा तास रेडी करून ठेवतो, बाहेरगावी गेलो तर शेजारच्या अप्पांकडे चावी. बंद पडली तर दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढू नका, पुढची चाकं फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होतं, फ्लॅटबेडवरच न्यायची. तुमच्या गाडीवरून ट्रॅक्टरला जंप स्टार्टही देऊ नका.

हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी असते, तिच्या अटी वाचा आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाईलला लावा, विकताना हीच फाईल भाव देते. इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी बॅटरीला लागलं तर कव्हर आहे का, हे लेखी घ्या, तोंडी नको.

राहिली पूजा. चाकाखाली लिंबू ठेवतात तेव्हा सगळी पोरं गाडीभोवती असतात आणि ही गाडी सुरू असून आवाज करत नाही, आमच्या आजी पुढेच उभ्या होत्या, विचारत होत्या "हाई गाडी चालू शे का बंद?" तर डॅशबोर्डवर रेडी दिसतंय का बघा, गिअर पी वर टाका, हँडब्रेक लावा, पोरांना ओट्यावर पाठवा आणि मग लिंबू ठेवा.