रजिस्टर वाचताना ‘पर्मिशन डिनाइड’ आलं? आधी या चुका टाळा

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये दरवर्षी नवी मुलं येतात. हातात बोर्ड पडला की पहिल्याच आठवड्यात त्यांना लिनक्समधून जीपीआयओचं (चिपच्या साध्या इनपुट-आउटपुट पिनांचं) रजिस्टर, म्हणजे चिपमधला नियंत्रणाचा कप्पा, थेट वाचून बघायचं असतं. यंदा ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलीने हाक मारली, “सर, /डेव्ह/मेमला चमॉड ६६६ केलंय, तरी उघडत नाही.” /डेव्ह/मेम म्हणजे मशीनची मेमरी आणि रजिस्टर पत्त्याने दाखवणारी फाइल; चमॉड ६६६ म्हणजे ती सगळ्यांना वाचायला-लिहायला मोकळी करणं.

“मेसेज काय येतोय? अक्षर न् अक्षर वाच.”

आधी ‘पर्मिशन डिनाइड’ येत होतं. आता ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येत होतं. तिच्या मते दोन्ही एकच. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

पहिली एरर १३ नंबरची. फाइलचे मोड बिट (कोणी वाचायचं, कोणी लिहायचं हे ठरवणारे) आडवे आले की सहसा हीच येते. दुसरी १ नंबरची. फाइलचं दार उघडलंय, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः नाही म्हणतोय. /डेव्ह/मेम उघडायला प्रोसेसकडे कॅप_सिस_रॉआयओ ही कॅपेबिलिटी (कर्नल देतो तो खास अधिकार) लागते, आणि ती चमॉडने मिळत नाही. उलट त्या फाइलचा मोड सैल करून ठेवणं धोक्याचं. केलं असेल तर आधी परत घट्ट करा.

सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने कमांड चालवूनही १ नंबरच येत असेल तर कर्नलचं कॉन्फिग बघा. आयओ_स्ट्रिक्ट_डेव्हमेम चालू असेल तर ड्रायव्हरने ताब्यात घेतलेल्या पत्त्यांना रूटलाही हात लावता येत नाही. कर्नल ५.४ पासून लॉकडाऊनही आहे, म्हणजे रूटलाही कर्नलशी छेडछाड करू न देणारी सोय. सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर बरेचदा तोच आडवा येतो, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) ‘लॉकडाऊन’ असं स्पष्ट लिहून येतं. एरर आली की डीमेसेजच्या शेवटच्या दहा ओळी वाचायची सवय लावा, निम्मा वेळ वाचतो. रास्पबेरी पाय असेल तर /डेव्ह/मेमच्या वाटेला जाऊच नका. तिथे /डेव्ह/जीपीआयओमेम आहे. युजरला जीपीआयओ ग्रुपमध्ये घातलं की काम होतं.

‘सुडो इको’ करून पुढे बाणाने (>) फाइलकडे वळवणं हीही नेहमीची चूक. बाणाचं काम तुमचं शेल करतं, सुडो नाही. पाइप लावून ‘सुडो टी’ वापरा.

आता मला सगळ्यात छळणारी चूक. ड्रायव्हरमध्ये डीबगएफएसची (कर्नलमधली माहिती फाइलसारखी दाखवणाऱ्या सोयीची) फाइल बनवताना मोड ०६४४ द्यायचा असतो. सुरुवातीचं शून्य गळलं की सी भाषा ते दशमान ६४४ समजते, आणि ऑक्टलमध्ये (अष्टमानात) ते होतं ०१२०४. म्हणजे मालकाला फक्त लिहायची मुभा, ग्रुपला काहीच नाही, बाकी सगळ्यांना वाचायची, वर स्टिकी बिट ही एक जादा खूण. ‘एलएस -एल’ केल्यावर शेवटी मोठा टी दिसला की शून्य राहिलंय हे ओळखा. रूट होऊन तपासलं तर हे कळतच नाही, कारण रूटला मोड बिट अडवत नाहीत.

परवानगी मिळाली म्हणजे रजिस्टर वाचता येईलच असंही नाही. एएम३३५एक्स चिपच्या बोर्डवर क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचा पत्ता मी वाचला, तर हातात आली ‘बस एरर’ आणि लॉगमध्ये ‘एक्स्टर्नल अबॉर्ट’. काही चिपवर तर अख्खा बोर्ड गोठतो. आधी त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलमध्ये ‘ऑन’ लिहा, मग वाचा. ड्रायव्हरच्या आतून वाचत असाल तर डिव्हाइसला जागं करणारा ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ हा कॉल विसरू नका.

आणि वाचल्याने काही बिघडत नाही, हा समज मनातून काढा. एसपीआय बसवर जोडलेल्या एका युआर्टमधून (सिरियल पोर्टच्या चिपमधून) अधूनमधून बाइट गायब होत होते. दोन दिवस मी वायर, बॉड रेट, इंटरप्ट सगळं धुंडाळलं. तिसऱ्या दिवशी ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरमध्ये लक्षात आलं की दुसऱ्या खिडकीत डीबगएफएसमधली रेगमॅपची (कर्नलच्या रजिस्टर हाताळणाऱ्या लायब्ररीची) रजिस्टर्स फाइल मी ‘वॉच’ लावून दर दोन सेकंदांनी वाचतोय. आलेला बाइट ज्या रजिस्टरमध्ये पडतो, तेही त्या यादीत होतं. वाचलं की बाइट संपला! सकाळी ड्रायव्हरमध्ये ते रजिस्टर ‘प्रेशस’ म्हणून नोंदवलं. तेव्हापासून डीबगएफएस त्याला हात लावत नाही, आणि बाइट सगळे पोचतात.